साफ हात

टीव्हीवरच्या बापानं मुलीचे डोळे अंगठ्यानं पुसले आणि मला किळस आली. अगदी पोटातून आली. नासलेल्या दुधावरचं झाकण काढलं की माणूस नाक बाजूला करतो, तसं मी तोंड फिरवलं.

आमची सई, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, पुण्याला कॉलेजात असते. सुट्टीला नंदुरबारला आली की तिचं आणि टीव्हीचं सूत जमतं. रविवारची दुपार होती. ती आत सोफ्यावर उशी पोटाशी धरून मुसमुसत होती. मी ओसरीवर, उघड्या दारापाशी, वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. सुनेनं मिरचीला घरात यायची बंदी केलेली आहे, आणि तिचं बरोबर आहे. पण दारातून टीव्ही दिसतो. ऐकायला तर शेजारच्या गल्लीतही येतो.

गोष्ट अशी होती. पन्नाशीची एक बाई. बाप कधीचा वारलेला. तिला ट्रंकेत त्याचं मनगटी घड्याळ सापडतं, ती चावी उलटी फिरवते आणि धाडकन आपल्या लहानपणच्या गावात जाऊन पडते. तिथं बाप उभा. कडक इस्त्रीचं धोतर, अंगणात सडा, घासलेली पितळी भांडी, आणि अख्ख्या गावात माशी म्हणून नाही. बाप तिला हनुवटीवरच्या तिळावरून ओळखतो. ती म्हणते, “बाबा, मी तुम्हाला फार लागेल असं बोलले होते.” तो म्हणतो, “वेडाबाई, मी कधी रागावलोच नव्हतो.” मग व्हायोलिन, मग मिठी, मग ते अंगठ्यानं डोळे पुसणं. भाग संपला.

मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालायचं आणि वर त्याच्याच हातानं आपले डोळे पुसून घ्यायचे. वा रे प्रेम! तो बिचारा नाही म्हणायला येतोय थोडाच.

सई नाक पुसत बाहेर आली. “आजी, तुला असं घड्याळ मिळालं तर तू कुठल्या दिवशी जाशील?”

“कुठल्याच नाही.”

“तुला तुझे बाबा आठवत नाहीत?”

“आठवतात. म्हणूनच.”

“दगड आहेस तू, आजी.”

“आहे ना. पाट्याचा. मिरची त्याच्यावरच वाटतात.”

ती हसली आणि फोन घेऊन आत गेली. मी खुडत राहिले. पण प्रश्न तिनं ओसरीवरच टाकून दिला होता. माणूस उठून गेलं तरी त्याची चप्पल दारात राहावी, तसा.

हे दिवसही नेमके तेच. दिवाळी झाली की आमच्या गावाच्या वाऱ्याला तिखट चव येते ती होळीपर्यंत. गावाबाहेर पथाऱ्या पडतात. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. हल्ली त्यांचे आकाशातून फोटो काढतात आणि पेपरात छापतात. खाली हमखास लिहितात, ‘लाल गालिचा’. वाचलं की मला त्या लिहिणाऱ्याला हाताला धरून त्या गालिच्यावर बसवावंसं वाटतं. एक तास. फार नाही.

मी शाळेत होते तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचा जिल्हा धुळे होता. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते म्हसावदच्या पलीकडच्या खेड्यातून पोट घेऊन नंदुरबारला आले आणि एका शेठच्या पथारीवर लागले. मिरची पसरायची, दाताळ्यानं उलटायची, वाळली की ढीग करायचा, पोत्यांत दाबून भरायची. भरताना पोत्यात उतरून पायानं तुडवावी लागे. माय आणि इतर बाया रांगेनं बसून डागी, पांढरट, सडकी मिरची वेचून काढायच्या. पदर नाकाला बांधलेला, डोळे तेवढे उघडे. शिंका, खोकला, शेंबूड, थुंकणं. हे दिवसभर. एखाद्या साली पौषात अवकाळी पाऊस आला की पसरलेली मिरची खालून काळी पडायची आणि तिला एक आंबूस, गोडसर कुबट वास सुटायचा. तो वास कपड्यांत बसायचा, केसांत बसायचा, भाकरीला यायचा. माझ्या जन्माच्या गावाला मी सुगंधी म्हणावं अशी कोणाची अपेक्षा असेल तर त्यानं दुसरीकडे वाचावं.

पथारीवर रडणाऱ्याला किंमत नसते, कारण सगळेच रडत असतात. एका बाईचं मूल आदल्या दिवशी गेलं होतं आणि ती कामावर आली होती. तिच्या आणि शेजारणीच्या डोळ्यांतलं पाणी मला वेगळं ओळखता येईना. मला वाटतं, त्या दिवसापासून अश्रूंवरचा माझा विश्वास उडाला असावा.

आणि मिरचीच्या घरांत एक रीत होती. कोणी घालून दिली नव्हती, आगीनंच शिकवली होती. हंगामभर कोणी कोणाच्या तोंडाला हात लावायचा नाही. बाप लेकराचा गालगुच्चा घ्यायचा नाही, आई नाक पुसायची नाही, नवराबायकोचं मी काय सांगू. मिरची धुतल्यानं जात नाही. ती हातावर नसते, हातात असते. भेगांत, नखांत, कातडीच्या आत. म्हणून प्रत्येक घर एक माणूस पथारीपासून लांब ठेवायचं. एखादी म्हातारी, एखादी पोर. तिला ‘साफ हातनी’ म्हणायचे. तान्ह्याला न्हाऊ घालायचं ते तिनं, पीठ मळायचं तिनं, देवापुढं दिवा तिनं लावायचा. माझा भाऊ अंगावर पीत होता तेव्हा माय दोन्ही हात मागं धरून बसायची आणि तिची चोळी मी सोडून द्यायची. घरात साफ हात माझे होते.

ते आबांनी ठरवलं होतं. माय म्हणायची, पोर मोठी झाली, रांगेत बसली तर चार पोती जास्त निघतील. आबा म्हणायचे, “नई. ती टाक धरी. घरमा एक हात त साफ पाहिजे.” टाक म्हणजे शाईची लेखणी.

शेजारच्या बाया मला बघून सोडायच्या थोड्याच. “काय व शायनी! शेठाणीना हात शेतस तुन्हा! भाकर थापतांना मोडी जातीन, संभाळजो!” मी मान उडवून निघून जायची. मला मनातून आवडायचं ते.

शाळेत मात्र उलटं. हात साफ असले तरी परकर-पोलकं त्याच घरातलं. मी वर्गात पाऊल टाकलं की पुढच्या बाकावरच्या मुली शिंकायच्या. निम्म्या खऱ्या, निम्म्या खोट्या. मास्तर हसत म्हणायचे, “तू आपली दाराशी बस, वारा येतो.” पाच वर्षं मी दाराशी बसले आणि पाच वर्षं पहिली आले. एवढं सांगते, कारण पुढचं सांगायचं तर आधी थोडी मान ताठ करून घ्यावी लागते.

संध्याकाळी आबा यायचे ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून. जणू ते हात दुसऱ्या कोणाचे होते आणि हे नुसते पोचवायला निघाले होते. ओट्यावर बसायचे, मान वर करायचे, डोळे मिटायचे. मी ओलं फडकं घ्यायची आणि त्यांचे डोळे पुसायची. आधी कडा, मग पापण्या, मग भुवया. पाणी बदलून पुन्हा. त्यांच्या पापण्या सुजलेल्या, आत लाल. तोंडाला मिरचीचा आणि विडीचा वास. ते फक्त श्वास सोडायचे. रोज. दिवाळी ते होळी.

एकदा मात्र डोळे पुसून घेताना त्यांना हसू आवरेना. दारूबंदीचे दिवस होते. रस्त्यात शिपायानं त्यांना अडवलं होतं. “डोळे बघ कसे! कुठं ढोसलीस?” आबा म्हणाले, “साहेब, मिरची शे ती.” शिपायाला पटेना. त्यानं आबांचे हात धरून खिसे तपासले, कमरेला चाचपलं, आणि मग सवयीनं आपल्या मिशीवरून हात फिरवला. आबा मायला सांगत होते, “साहेब असा रडी ऱ्हायना व्हता, असा रडी ऱ्हायना व्हता, मीच त्याले पाणी पाजं!” मी फडकं हातात घेऊन हसत होते. हंगामातली ही एक संध्याकाळ मला तशीच्या तशी हवी होती. पण घड्याळवाल्या बाईसारखी निवड करता येत नाही. ही संध्याकाळ उघडली की तिच्या मागोमाग परीक्षेची सकाळ उघडते.

मॅट्रिकची परीक्षा हंगामाच्या शेवटी यायची. पथाऱ्यांवर शेवटची मिरची आणि माणसांच्या बोटांना सगळ्यांत खोल भेगा. पहिला पेपर होता. केंद्र गावातल्याच मोठ्या शाळेत. आम्ही मुली इनमिन चार. बाकीच्या तिघींबरोबर त्यांचे वडील, काका आले होते. कोट, टोप्या, एकाकडे तर सायकल. माझ्याबरोबर आबा. धुतलेला सदरा, आणि हात पाठीमागं. फाटकाशी ते थांबले. म्हणाले, “थांब व.”

मी थांबले. त्यांनी उजवा हात पुढे आणला. “धुयेल शेत हात,” हात धुतलेत, असं काहीसं पुटपुटले आणि त्यांनी माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, तोंडावरून हात फिरवला. जन्मात पहिल्यांदा. एरवी हंगाम नसतानाही त्यांना ती सवय नव्हती. हात खरबरीत होता. अंगठा डाव्या पापणीवरून गेला.

आधी काहीच झालं नाही. मग आग. कपाळ, गाल, ओठ, आणि डावा डोळा तर कोणी निखारा ठेवावा तसा. मी किंचाळले. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मुली बघत होत्या, एकीला खरोखरच शिंक आली, आणि तिच्या वडिलांनी टोपी सारखी करत तोंड फिरवलं. आणि मी माझ्या बापाला म्हणाले,

“हात लावू नका मला! किळस येते मला तुमच्या हातांची!”

घरी आम्ही अहिराणीत बोलायचो. हे मी शाळेच्या मराठीत बोलले, अगदी स्वच्छ, वाचनाच्या तासाला वाचावं तसं. सगळ्यांना कळावं म्हणून.

पेपर मी एका डोळ्यानं लिहिला. डावा हात डोळ्यावर, उजव्या हातात पेन, उत्तरपत्रिकेवर शाईचे दोन डाग. बाहेर आले तेव्हा तीन तास उन्हात उभे राहिलेले आबा दहा पावलं लांब होते. हातात ताकाची लोटी, चेहऱ्याला लावायला जवळच्या घरातून मागून आणलेली. लोटी त्यांनी शाळेच्या ओट्यावर ठेवली आणि मागं सरकले.

“पेपर कसा गया?”

“बरा,” मी म्हणाले. लोटी तशीच राहिली.

लोकांना वाटेल, तिची किळस हीच. नाही. अठरा वर्षांचीही नसलेली पोर, डोळ्यात आग, तोंडातून काय निघेल ते निघेल. ते मी स्वतःला केव्हाच माफ केलं आहे; मी काही त्या टीव्हीवाल्या बाईसारखी हुंदके देत फिरत नाही. माझी किळस दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची आहे.

आबा पथारीवरून आले. हात अंगापासून लांब. ओट्यावर बसले. मी सवयीनं फडकं भिजवून आणलं आणि पुढ्यात उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. दंडावरच्या बाहीनं एक डोळा चोळला, मग दुसरा. मिरचीच्या सदऱ्यानं मिरचीचा डोळा.

“ऱ्हाऊ दे व,” म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तू अभ्यास कर.”

आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं, सुटले असं वाटलं. तो वास, ते चिपडे डोळे, विडीचा श्वास, रोजची ती पाण्याची वाटी, सगळ्यातून सुटले. मी फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि दिव्याशी पुस्तक उघडून बसले. दोन-तीन दिवस फडकं दोरीवर वाळत राहिलं. मग मायनं त्याचं पोतेरं केलं.

मी मॅट्रिक झाले. आमच्या सगळ्या आळीत पहिली. धुळ्याला कॉलेजात गेले, बी.ए. झाले, मग बी.टी. आणि मग आयुष्यभर शिकवलं. दाराशी मी कोणालाही बसवलं नाही. जो शिंकला त्याला बसवलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही; आमच्या घराण्यात माझ्याआधी सही कोणी केली नव्हती. पण पदवीच्या वेळी काढलेला फोटो बघा. मी खुर्चीत, माय शेजारी, आबा मागं उभे. आबांचे हात फोटोत नाहीत. पाठीमागं आहेत.

माझं लग्न वैशाखात झालं. निघताना आत्या गळ्यात पडल्या, मामा पडले, शेजारणीही पडल्या. आबा समोर उभे राहिले, हात पाठीमागं. “जा व माय, सुखी ऱ्हा.” मी वाकून पायाला हात लावला. पाठीवर हात येईल म्हणून जरा जास्तच वेळ वाकून राहिले. आला नाही. मी मनात म्हटलं, मिरचीचे हात, म्हणून नसेल लावला. मग बैलगाडीत बसल्यावर आठवलं, वैशाखात मिरची नसते.

आबा वारले त्यानंतर, पाहुणे पांगल्यावर, माय आणि मी तांदूळ निवडत होतो. माय सहज बोलून गेली, आज भाजी काय करायची असं विचारावं तशी. “परीक्षाना पहिले दोन दिन तुन्हा बाप पथारीवर गयाच नई. शेठ बोंबलना, तरी नई गया. हातच धुई ऱ्हायना व्हता. कव्हय राख, कव्हय ताक, कव्हय तेल. मी म्हणनू, काय येडा व्हयना का तू? त म्हणे, पोरना तोंडवरथीन एकडाव हात फिरावाना शे.”

दोन दिवस. मिरचीत जन्म गेलेला माणूस, दोन दिवसांनी हात साफ होतील असं त्याला वाटलं. पथारीवरच्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं, बाबा, हंगाम संपल्यावर पंधरा दिवस थांब. त्यालाही ठाऊक होतं. पण परीक्षा पंधरा दिवस थांबणार नव्हती.

मी तांदूळ निवडत राहिले. रडले नाही. मायनं माझ्याकडे बघितलं आणि सूप आपल्याकडे ओढून घेतलं, कारण मी खडे ठेवत होते आणि तांदूळ टाकत होते.

तर सई, घड्याळाचं असं आहे. परीक्षेच्या सकाळी जाऊन मी काय करू? हात तिखटच असणार, डोळा जळणारच, मी किंचाळणारच. गळ्यात पडायला जाऊ? ते दहा पावलं मागं सरकतील. आणि “मी रागावलो नव्हतो” हे वाक्य मला त्यांच्या तोंडून नको आहे. ते रागावले असतील तर तो राग त्यांच्याकडे राहू दे, त्यांचा आहे तो. जायचंच म्हटलं तर मी दुसऱ्या दिवशीच्या त्या संध्याकाळी जाईन. एवढ्यासाठीच, की ते “ऱ्हाऊ दे” म्हणतील आणि मी ऐकणार नाही. डोकं धरीन आणि पुशीन. आधी कडा, मग पापण्या, मग भुवया. व्हायोलिनबियोलिन काही नको.

हे सगळं मी ओसरीवर बसून मनातल्या मनात बोलत होते. ढीग निम्मा झाला होता. वारा फिरला आणि देठांचा भुगा तोंडावर आला. हात वर जायला निघाले होते, ते मी वाटेतच थांबवले आणि अंगापासून लांब धरले. डोळे चुरचुरून वाहायला लागले.

“आजी!” सई दारात उभी. “रडतेस?”

“मिरची आहे.”

“ती सिरियल बघून ना? कबूल कर.”

“त्या सिरियलचं तोंड काळं. मिरची आहे म्हटलं ना.”

ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. मग ती ओला नॅपकिन घेऊन माझ्यापुढे उकिडवी बसली. तिचे हात पांढरे, स्वच्छ, नखांना कसलासा निळा रंग. नाक तिनं एका हातानं धरलं होतं. माझ्या अंगाचा वास तिला सोसत नव्हता, ते दिसत होतं, आणि मला त्याचा राग आला नाही.

“वर कर तोंड,” ती म्हणाली.

जिभेवर आलंच होतं, ऱ्हाऊ दे व. इतक्या वर्षांनी, तेच शब्द, त्याच आवाजात. मी ते गिळले, डोळे मिटले आणि मान वर केली.